मदत हवी आहे: एलईडी लावल्यापासून अ‍ॅक्रोपोरा (प्रवाळ) फिकट पडतोय

२०० लिटरची खाऱ्या पाण्याची प्रवाळांची टाकी. टी-५ फ्लुरोसंट नळ्या काढून एलईडी लावल्याला तीन आठवडे झाले. खडकावरच्या अ‍ॅक्रोपोराचा माथा पांढरा पडलाय, सावलीतली बाजू मात्र अजून जांभळी. खाली वाळूजवळचे झोअँथिड (प्रवाळांचे मऊ नातलग) उलट माना लांबवून उजेड शोधताहेत. पार मीटरवर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेड मोजतो) वर ४२०, तळाशी ७०. पाण्याची क्षारता (अल्कलिनिटी) ८.२ डीकेएच, कॅल्शियम ४२०, नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५, तापमान २५.५ अंश, सगळं ठीक, म्हणजे संशय उजेडावरच. तपकिरी झाला असता तर उजेड कमी म्हटलं असतं. इथे प्रवाळाच्या आत राहणारं शैवालच बाहेर टाकलं जातंय.

तीव्रता निम्मी करून आठवड्याला ५ टक्के वाढवावी, की दिवाच १५ सेंमी वर घ्यावा? उंचीने तळ आणखी अंधारेल का? (‘निळा उजेड वाढवा’ हा सल्ला नको, त्याने चमक दिसते, ताण लपतो.)