मुक्काम लांबला तर ऑनिंग वाऱ्यात कशी धरून ठेवायची?

मुक्कामपोस्ट: कॅम्परची (राहायच्या सोयीची गाडी) ऑनिंग, म्हणजे बाजूने बाहेर उलगडणारं कापडी छत, ४ मीटर लांब, अडीच मीटर बाहेर येणारी. हाताने फिरवायची, पुढे दोन पाय टेकतात. एकाच जागी दोन-तीन आठवडे राहायचंय, रोज गुंडाळत बसायचं नाहीये. मेखा कुठल्या घ्याव्यात? पट्टा कुठे बांधायचा?

ताणदोरी: १० चौरस मीटर कापड म्हणजे शीडच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो: ताशी २० किमीला चौरस मीटरमागे साधारण २ किलो, ४० किमीला साडेसात. म्हणजे तुमच्या छतावर ७५ किलोपर्यंत, तोही बहुतेकदा खालून वर उचलणारा.

पट्टा पुढच्या दांडीच्या दोन्ही टोकांना, पायाच्या डोक्यापाशी अडकवा. नुसते पायाचे तळ ठोकलेत, तर पाय जागच्या जागी राहतो आणि आतली सरकती नळी निसटून दांडी वर जाते. पट्टे ४५ अंशांत बाहेरच्या बाजूला न्या. मध्ये एक ताण-स्प्रिंग हवीच, कारण माणसं आत-बाहेर करताना गाडी सस्पेन्शनवर हलते आणि कडक पट्टा तो झटका थेट दांडीला देतो. रॅचेट पट्टा (दात्यांच्या चाकाने आवळायचा) जपून आवळा, त्याने दांडी सहज वाकते.

खुंटा: मेख जमीन बघून. मऊ मातीत पिळाची, ३०-४० सेंमी. मुरमाड जागी जाड लोखंडी सळईची, डोकं ऑनिंगपासून बाहेर झुकवून. वाळूत दोन्ही कुचकामी. पट्टा लाकडी फळीला बांधून ती हातभर खोल आडवी पुरा. पाऊस पडून गेला की प्रत्येक मेख हलवून बघा, भिजलेल्या मातीत पकड जाते.

कापड फाटतं ते फडफडीने, शिवणीपाशी. दोन्ही कडांना चिमटे लावून कापड बाजूच्या दांड्यांशी जखडा.

मुक्कामपोस्ट: पावसाचं काय? आणि शेजारच्या गाडीची विजेवर चालणारी आहे, तिलाही असंच बांधायचं?

ताणदोरी: एक पाय दुसऱ्यापेक्षा चांगला खाली ठेवा. साचलेलं २० लिटर पाणी म्हणजे २० किलो, आणि खोलगट भागात ते वाढतच जातं.

विजेवरच्या, बिनपायाच्या ऑनिंगला हा उपाय लावू नका. तिचे हात गाडीवरच तोललेले असतात. खाली ओढून धरले तर सांधे आणि गाडीच्या भिंतीतले स्क्रू सैल होतात. तिला वारा वाढायच्या आत गुंडाळणं एवढाच मार्ग. उत्पादकाने मोटार बंद पडल्यावर हाताने गुंडाळायची सोय दिली आहे का, ते आधीच पाहून ठेवायला सांगा.

खुंटा: रोज गुंडाळायचं टाळायचंय हे कळलं, पण रात्री आणि गाडी सोडून जाताना गुंडाळाच. पट्टे झोताला तोंड देण्यापुरते आहेत, वादळासाठी नाहीत. ओली गुंडाळली तर एक-दोन दिवसांत उघडून वाळवा, नाहीतर बुरशी धरते.