ग्लूटेन-फ्री मिक्सचा पिझ्झा: कडा दगड, मधे गिच्च. काय चुकलं?

पीठ_पाणी_पसारा
घरात एकाला सीलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन न चालणारा आजार) निघालाय त्यामुळे गहू बंद, म्हणून ग्लूटेन-फ्री पिझ्झा डो मिक्सचं पाकीट आणलं. त्यावर लिहिलंय तेवढं पाणी घातलं तर पीठ कसलं, नुसता चिखल! हाताला सगळं चिकटलं, मग मी वरून कोरडं मिक्स घालत गेले, दहा मिनिटं मळ मळ मळलं, लाटायला घेतलं तर कडा फाटायला लागल्या. कसाबसा गोल केला, सॉस चीज घालून 200 ला 20 मिनिटं ठेवला. कडा दगड, मधे कच्चं, दाताला चिकटतंय. सगळ्यांनी चीज खरवडून खाल्लं आणि बेस कचऱ्यात. मिक्स खराब आहे का मीच?

ओव्हनपाशी_उभी
मिक्स बरोबर आहे गं, चिखल झाला तेव्हा तू पण बरोबर होतीस, घोटाळा त्यानंतर झाला :) गव्हाचं पीठ मळून जे ताणलं जातं ते ग्लूटेनमुळे, इथे ते नाहीच, मग मळून काय मिळणार? यात तांदळाचं पीठ, टॅपिओका नाहीतर बटाट्याचा स्टार्च असतो आणि धरून ठेवायला झॅन्थन गम किंवा इसबगोल. यांना पाणी जास्त लागतं आणि ते प्यायला वेळ लागतो. चमच्याने नीट ढवळ आणि झाकून 20-30 मिनिटं विसरून जा, तोच चिखल आपोआप आळतो. लाटणं तर ठेवूनच दे. बेकिंग पेपरवर गोळा टाकायचा, बोटांना तेल लावायचं आणि मधून कडेला थापत न्यायचं. यीस्ट असेल तर थापल्यावर तसंच फुगू दे, गव्हासारखं दाबून परत फुगवत बसू नकोस, गेलेली हवा पुन्हा तेवढी येत नाही.

करकरीत_कडा
+1, पण माझ्या मते खरा गुन्हा सॉस आधी घातला हा आहे. ओला बेस, वर ओला सॉस, वर पाणी सुटणारं चीज, मधलं भाजणार कधी? बेस नुसताच आधी भाजायचा, 220-230 ला 8-10 मिनिटं, रंग नाही आला तरी चालेल पण वरून हात लावला तर कोरडा लागला पाहिजे. मग टॉपिंग आणि परत 8-10 मिनिटं. ट्रे ओव्हनमधेच रिकामा तापवून ठेव आणि पेपरसकट बेस त्यावर सरकव, खालून चटका बसला पाहिजे. पेपर किती तापमान सोसतो ते त्याच्या खोक्यावर बघून घे, आमचा एकदा कडेने काळा पडून चुरा झाला होता. ताजं मोझरेला असेल तर आधी टिपून घे.

लेबल_वाचणारा
कृती झाली, आता सीलिअ‍ॅकचं बोला. त्याच ओव्हनमधे आधी गव्हाचा पिझ्झा केला असेल तर ट्रे घासून घ्या, आणि लाकडी पोळपाट, लाटणं, पिठाची चाळणी या वस्तू वेगळ्याच ठेवा, फटीत पीठ राहतं. हाताला चिकटू नये म्हणून सवयीने मैदा भुरभुरवला की सगळं मुसळ केरात. आणखी एक, काही पिझ्झा मिक्समधे ग्लूटेन काढलेला गव्हाचा स्टार्च असतो. किलोमागे 20 मिलीग्रॅमच्या आत ग्लूटेन असेल तर कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्न मानकांच्या) व्याख्येत ते ग्लूटेन-फ्रीच, पण कुणाला गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर ते चालत नाही, तो वेगळा आजार आहे.

पीठ_पाणी_पसारा
काल परत केला!! ढवळून अर्धा तास ठेवलं, झाकण काढलं तर चमचा उभा राहत होता आणि चिखल गायब. थापताना एकदा भोक पडलं, तेलाच्या बोटाने लिंपलं, कळलंसुद्धा नाही. बेस आधी 10 मिनिटं भाजला, खालून ठिपके ठिपके आले. पाकिटात मागे बघितलं, इसबगोल आहे, गव्हाचा स्टार्च नाही, हुश्श. पण पहिला तुकडा गरम गरम खाल्ला तो जरा चिकट लागला, शेवटचा मस्त. असं का?

ओव्हनपाशी_उभी
घाई केलीस म्हणून :) स्टार्च गरम असताना चिकटच लागतो, जरा निवला की बसतो. जाळीवर काढून 5 मिनिटं थांब, ताटात ठेवलास तर खालून घाम येऊन परत गिच्च.

पीठ_पाणी_पसारा
5 मिनिटं?? आमच्याकडे कुणी थांबेल तर ना. बघते, पुढच्या वेळी जाळी लपवून ठेवते.