ग्लिमेपिराइडसोबत बेडकीचा पाला आणि बिबळ्याचे पाणी : साखर ५८ वर आली, सल्ला हवा

सर्वांना नमस्कार.

माझे वडील ६८ वर्षांचे असून ते आईसोबत सावंतवाडीजवळ आमच्या गावी राहतात. बारा वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे आणि मेटफॉर्मिनच्या जोडीला सकाळी न्याहारीआधी ग्लिमेपिराइड चालू आहे. गणपतीनंतर त्यांनी डॉक्टरांना न सांगता तीन गोष्टी सुरू केल्याचे मला गेल्या आठवड्यात तिथे गेल्यावर कळले. रात्रभर बिबळा या झाडाच्या लाकडाच्या पेल्यात ठेवलेले पाणी ते उपाशीपोटी पितात, जांभळाच्या बियांची पूड दोन वेळा घेतात आणि जेवणाआधी कुंपणावरच्या बेडकीची (म्हणजे गुडमारची) चार पाने चावतात. पेल्यातले पाणी सकाळपर्यंत तांबूस होते आणि उन्हात धरले की कडेला निळसर झाक दिसते; तेवढ्यावर औषध उतरल्याची बाबांची खात्री पटते. जांभळाच्या पुडीच्या पिशवीवर मात्र मात्रा, तारीख, बनवणाऱ्याचे नाव यांपैकी काहीच छापलेले नाही.

मंगळवारी दुपारी जेवायला उशीर झाला. पाने चावून झाली होती आणि बाबांना दरदरून घाम फुटून हात थरथरू लागले. मशीनवर साखर ५८ आली. मी घाईने साखरपाणी दिले, तर दोन घोट घेऊन त्यांनी पेला बाजूला ठेवला, "नुसते पाणी कशाला देतेस?" म्हणाले. बेडकीने जिभेची गोडी मारली होती हे माझ्या नंतर लक्षात आले. संध्याकाळी मी स्वतः एक पान चावून चिमूटभर साखर तोंडात टाकली, ती वाळूसारखी लागली.

आता हे तिन्ही एकदम बंद करावे की एकेक, आणि "गोळी म्हणजे केमिकल, पाला म्हणजे निसर्ग" असे म्हणणाऱ्या वडिलांना डॉक्टरांसमोर हे सांगायला कसे तयार करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

प्रतिसाद :

ताई, मी डॉक्टर नाही, औषधांच्या दुकानात वीस वर्षे काढली आहेत. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते आणि जेवण लांबले तरी तिचे काम थांबत नाही. त्यात साखर उतरवणारे आणखी काही पोटात गेले की असा प्रसंग ओढवतो. नुसत्या मेटफॉर्मिनवर तो क्वचितच येतो. गोळी आपल्या मनाने कमी करू नका. डॉक्टरांची भेट होईपर्यंत पाला, पूड आणि पेल्यातले पाणी हे तिन्ही थांबवून सकाळची व जेवणाआधीची साखर वहीत लिहा, आणि पुडीची पिशवी व चार पाने सोबतच घेऊन जा, कारण बेडकी म्हटल्यावर कोणती वेल, हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असेलच असे नाही. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, गोड लागो वा न लागो पूर्ण प्यायला लावावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा.

बाबांना एक गोष्ट जरूर सांगा. युरोपात गॅलेगा नावाची एक वनस्पती पूर्वी औषधी म्हणून वापरत. तिच्यातल्या घटकाचा माग काढतच पुढे मेटफॉर्मिनपर्यंत पोचले. माझ्या सासऱ्यांनी हे ऐकले आणि दुसऱ्याच दिवशी मेथीच्या पुडीचा डबा स्वतःहून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.