वेचणी चालू असताना कुणाला मिरगी आली तर?

प्रश्न (चोपडा तालुका)
कापूस वेचणीला येणाऱ्या एका ताईंना मिरगी आहे. आकडी आली की बाया चप्पल हुंगवायला धावतात, कुणी दातखिळीत चमचा घालतं. दवाखाना लांब. गाडी येईपर्यंत शेतात आपण नेमकं काय करायचं?

सिस्टर
आधी मोबाईलमध्ये वेळ बघा. घाबरलं की एक मिनिट दहा मिनिटांएवढं वाटतं. पडल्या तिथेच राहू द्या; विहिरीचा काठ, चूल किंवा चालू मोटर जवळ असेल तरच ओढून बाजूला घ्या. आजूबाजूच्या पऱ्हाट्या मोडा, विळा उचला, डोक्याखाली रुमालाची घडी सरकवा. कापसाच्या झोळीची गाठ आणि गळ्याशी आवळलेला पदर सोडा. हातपाय दाबून धरायचे नाहीत, खांदा निखळतो. झटके ओसरले की कुशीवर वळवा: वरचा गुडघा दुमडून पुढे टेकवा, हनुवटी किंचित वर, तोंड जमिनीकडे कललेलं. लाळ बाहेर गळते, श्वासनलिकेत उतरत नाही.

तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीच नको. जीभ गिळली जात नाही. चावली तर ती जखम भरते. तुटलेला दात श्वासनलिकेत गेला तर मात्र जीवावर बेततं.

केळीबाग (चर्चेतले आणखी एक सदस्य)
चपलेबद्दल: आकडी बहुतेकदा एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबते. चप्पल शोधून आणेपर्यंत तेवढा वेळ होतोच, म्हणून श्रेय चपलेला. कांद्याचंही तेच.

108 ला फोन कधी? आकडी पाच मिनिटांपुढे गेली, शुद्ध येण्याआधी दुसरी आली, आयुष्यातली पहिलीच आहे, बाई गरोदर आहे, मधुमेह आहे, डोक्याला मार लागला किंवा पाण्यात पडली. झटके थांबूनही श्वास दिसत नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा.

सिस्टर
एक वेगळी गोष्ट. फवारणी करणाऱ्याला आकडी आली तर ती मिरगीच आहे असं धरून बसू नका. मोनोक्रोटोफॉससारख्या कीटकनाशक औषधाच्या विषबाधेत आधी घाम, लाळ, उलटी, बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक, मग झटके. तिथे पाच मिनिटं बघत बसायचं नाही, 108 लगेच. हातमोजे घालून भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, औषधाची बाटली दवाखान्यात सोबत न्या. कोणतं विष ते लेबलावरून कळतं.

प्रश्नकर्ता
आभारी आहे ताई. आकडी थांबल्यावर पाणी कधी द्यायचं? आणि वेचणीला परत बसवायचं का?

सिस्टर
स्वतःचं नाव-गाव आणि वार बरोबर सांगेपर्यंत पाणी नाही. त्याला अर्धा तासही लागतो. तोवर कुशीवरच, सावलीत, एक बाई जवळ. त्या दिवशी वेचणी नको. आणि गोळी चुकली होती का ते विचारा. उपवासाच्या दिवशी बरेच जण गोळीही टाळतात. रात्रीच्या लाईटवर पाणी भरायला जागरण झालं असेल तर तेही कारण पुरतं.