मदत हवी आहे: आईचं एचई-४ ३१० आलंय, सीए-१२५ मात्र नॉर्मल

तिखटमीठ:
नमस्कार. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, म्हणून इथे लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आई ५८ वर्षांची, करमाळ्याला असते. पाळी जाऊन सात वर्षं झाली. शुगर जुनी आहे, तीन वर्षांपासून किडनीचीही औषधं चालू आहेत, शेवटचं क्रिएटिनिन २.३. किडनीसाठीच सोनोग्राफी केली तर डाव्या ओव्हरीवर ४.२ सेंटिमीटरची गाठ दिसली. रिपोर्टात लिहिलंय: साधी, एकाच कप्प्याची, भिंत पातळ, आत पाणी, घट्ट भाग नाही. पोटात पाणी नाही. दुखणं-खुपणं काही नाही, परवापर्यंत गच्चीवर कुरडया घालत होती.

तिथल्या डॉक्टरांनी ओव्हरीच्या कॅन्सरचा अंदाज घ्यायला रक्ताच्या दोन टेस्ट करायला लावल्या. सीए-१२५ आलं २८ (३५ पर्यंत नॉर्मल). एचई-४ आलं ३१०, आणि खाली ठळक अक्षरांत, दोन्हींवरून काढलेला कॅन्सरचा अंदाज म्हणून, ‘रोमा ५७.८ टक्के, हाय रिस्क’. डॉक्टर म्हणाले, पिशवी आणि दोन्ही ओव्हऱ्या काढून टाकू, सोमवारी ॲडमिट व्हा.

५७.८ म्हणजे कॅन्सर असण्याचीच शक्यता जास्त, असंच ना? मग दुसरी टेस्ट नॉर्मल कशी? भावाने कुठेतरी वाचलं की एचई-४ हे जीन असतं, तेव्हापासून तो मला म्हणतोय की हे घराण्यातलं आहे, तूही तपासून घे. मावशीच्या मते सगळं मिश्रीमुळे. माझं डोकं चालेनासं झालंय.

अडकित्ता:
ताई, पॅथॉलॉजीत तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. पेशंट न बघता निदान सांगणार नाही. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: क्रिएटिनिन २.३.

किडनीचं काम मंदावलं की रक्तातलं एचई-४ चढतं, कॅन्सरचा मागमूस नसला तरी. या वयाला २.३ क्रिएटिनिन म्हणजे किडनी साधारण पाव क्षमतेवर चाललीय. अशा पेशंटमध्ये ३१० बघून मी तरी दचकलो नसतो. आणि नुसतं साचतं एवढंच नाही. आतून व्रण धरलेली किडनी स्वतःच हे प्रथिन बनवते. २०१३ साली उंदरांवर काम झालं, त्यात एचई-४ ला प्रतिपिंडांनी अडवल्यावर किडनीतलं व्रण धरणं कमी झालं होतं.

आता रोमा. त्या सूत्रात तीनच गोष्टी जातात: एचई-४, सीए-१२५ आणि पाळी गेली की नाही. क्रिएटिनिनला जागा नाही, सोनोग्राफीलाही नाही. तुमचे आकडे घालून पाहिले, उत्तर ५७.८ च येतं. म्हणजे लॅबचं गणित चोख आहे, फक्त किडनीची गोष्ट त्या गणिताला कुणी सांगितलीच नाही. सीए-१२५ किडनीमुळे तितकं हलत नाही, म्हणून ते २८ वर शांत बसलंय.

गाठ कॅन्सरची असण्याचा धोका मोजणारं मूळ आरएमआय हे जुनं सूत्र सोनोग्राफीचे गुण, पाळी आणि सीए-१२५ यांचा गुणाकार करतं. तुम्ही लिहिलेली गाठ असेल तर सोनोग्राफीचे गुण शून्य, मग गुणाकारही शून्य. एकाच बाईचं एक सूत्र ५७.८ म्हणतंय आणि दुसरं शून्य!

तिखटमीठ:
देव तुमचं भलं करो. पण भावाच्या जीनचं काय?

अडकित्ता:
भावाचं अर्धं बरोबर. जनुकाचं नाव डब्ल्यूएफडीसी-२. ते विसाव्या गुणसूत्रावर असतं आणि सगळ्यांमध्ये असतं, माझ्यातही. त्यावरून पेशी एक छोटं प्रथिन बनवून बाहेर सोडतात, ते एचई-४. लॅबने ते प्रथिन मोजलं, जनुकाकडे कुणी बघितलेलंही नाही.

नावाची गंमत सांगतो. यातला ‘ई’ एपिडिडिमिसचा, म्हणजे पुरुषाच्या वृषणाला लागून असलेली नळी, जिथे शुक्राणू पक्व होतात. १९९१ साली जर्मनीत किर्शहोफ बाईंच्या गटाला हे प्रथिन तिथे सापडलं, त्यावरून नाव पडलं. पुढे कळलं की श्वासनलिका, लाळग्रंथी, गर्भाशयाचं अस्तर, सगळीकडे ते थोडंथोडं असतं. ओव्हरीच्या सिरस आणि एंडोमेट्रिऑइड प्रकारच्या कॅन्सरमध्ये ते भरमसाट बनतं, म्यूसिनस प्रकारात सहसा बनत नाही. फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्येही वाढतं. अमेरिकेत २००८ साली या टेस्टला मान्यता मिळाली ती निदान झालेल्या बायकांचा आजार उलटतोय का हे बघायला. रोमाला २०११ मध्ये, तीही गाठीचं ऑपरेशन ठरलेल्या बायकांसाठी. चालत्याफिरत्या बाईत कॅन्सर शोधायला यातलं काहीच नाही.

घराण्यातून येणाऱ्या ओव्हरीच्या कॅन्सरसाठी मुख्यतः बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुकं बघतात. तो प्रश्न आईला खरंच कॅन्सर निघाला तर, आणि तेव्हाही तपासणी आधी आईची. तुम्ही आज कुठेही पैसे भरू नका. मिश्रीचं म्हणाल, तर सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये एचई-४ थोडं जास्त सापडतं. ३१० चं खापर मिश्रीवर फोडू नका. तोंडाच्या कॅन्सरसाठी मात्र ती आजच बंद करा.

सोनचाफा:
आमच्या सासूबाईंचं उलटं झालं होतं. पोटात पाणी, सीए-१२५ सहाशेच्या वर, सगळ्यांनी ओव्हरीचा कॅन्सर धरूनच ठेवला. घरात रडारड. दुर्बिणीने तुकडा काढला तर पोटाचा टीबी! सहा महिने गोळ्या घेतल्या, आता दळण स्वतः आणतात.

अडकित्ता:
सोनचाफा, एचई-४ ची खरी जागा तिथेच. पोटाच्या टीबीत आणि एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार) सीए-१२५ खूप चढतं, एचई-४ सहसा चढत नाही. सीए-१२५ ला टीबी फसवतो, एचई-४ ला किडनी.

गावरान_बाबुराव:
गुळवेलीचा काढा सुरू करा, गाठी विरघळतात. आमच्याकडे अनुभव आहे.

सोनचाफा:
बाबुराव, किडनीच्या पेशंटला काढा? कृपा करून नको.

तिखटमीठ:
काढा नाही देत. पण आता करू काय? सोमवार तीन दिवसांवर आलाय. त्या डॉक्टरांनीच माझ्या भावाच्या दोन्ही मुलींच्या वेळची बाळंतपणं केलीत, ‘तुमचं चुकलं’ असं तोंडावर कसं म्हणणार?

अडकित्ता:
म्हणूच नका. ‘किडनीचे डॉक्टर ऑपरेशनला फिटनेस देतील का, ते विचारून येतो’ एवढं सांगा. खोटंही नाही ते, या क्रिएटिनिनला भूल देण्याआधी ते लागतंच. त्यांनाच विचारा की एचई-४ किडनीमुळे असू शकतं का. सोनोग्राफी ओव्हरीच्या गाठी रोज बघणाऱ्या माणसाकडून, आतल्या मार्गाने, पुन्हा करून घ्या. गाठ खरंच साधी आणि पाच सेंटिमीटरच्या आत निघाली, सीए-१२५ असंच राहिलं, तर चार ते सहा महिन्यांनी परत बघतात, लगेच कापत नाहीत. गाठीत पडदे किंवा घट्ट भाग दिसला तर मात्र वेळ न घालवता स्त्री-कर्करोगाच्या सर्जनकडे, मग परळला टाटात जायला हरकत नाही. आणि सीटी किंवा एमआरआय कुणी लिहून दिलं तर शाई टोचण्याआधी क्रिएटिनिन सांगा, फाईलमध्ये आहे म्हणून गप्प बसू नका.

तिखटमीठ:
आताच फोन केला. डॉक्टर म्हणाले, हो हो, फिटनेस घेऊन या, घाई नाही. परवापर्यंत सोमवारच हवा होता! बुधवारी पुण्यात किडनीच्या डॉक्टरांची वेळ मिळालीय. आईला अजून वाटतंय की शुगरचीच टेस्ट होती, कुरडया वाळल्या का विचारत होती. बुधवारनंतर इथेच लिहिते.