रविवारी ड्युटी, बुधवारी सुट्टी. मग विसावा कधी?

रात्रपाळीवाली_ताई, इंदूर

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. मी इथल्या एका खासगी रुग्णालयात 16 वर्षं स्टाफ नर्स आहे. पाळ्या तीन, सुट्टी फिरती. महिन्यात एखादाच रविवार वाट्याला येतो. मिस्टर पिथमपूरला, पहाटे साडेपाचलाच कंपनीच्या बसनं निघतात.

तो एक रविवार असा जातो: संडे स्कूल, उपासना, महिला मंडळाची मीटिंग, मग दुपारभर आजाऱ्यांच्या भेटी. बीपीचं मशीन पर्समध्येच असतं. ज्या घरी जावं तिथे तीन-चार जण बाही वर करून बसलेले. त्यांचा राग येत नाही, खरंच नाही. पण सोमवारी पहिल्या पाळीला उभी राहते तेव्हा पाय शनिवारपेक्षा जड असतात.

गेल्या महिन्यात रात्रपाळी संपवून थेट उपासनेला गेले आणि उपदेशात डोळा लागला. बाहेर एका काकूंनी विचारलं, "देवासाठी घटकाभर जागवत नाही का गं?" बुधवारी सुट्टी होती, पण आडवं होववेना. मुलाचा युनिफॉर्म, सासूबाईंच्या डोळ्यांचे थेंब, आणि मध्येच ते वाक्य. दुसऱ्या रात्री ट्रॉलीपाशी एका इंजेक्शनचं लेबल तीनदा वाचलं, कारण दोनदा वाचून डोक्यात शिरलंच नव्हतं. काही चुकलं नाही. पण मी घाबरले.

माझ्यासारखीनं शब्बाथ, म्हणजे देवानं नेमलेला विसाव्याचा दिवस, पाळायचा कसा? आणि मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं, काम कमी केलं, तर ते प्रभूकडे पाठ फिरवणं होईल का?

निवृत्त_गिरणीकामगार

बाळा, मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 10 जून 1890 ला. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 पासून ती मागणी लावून धरली होती. ते सत्यशोधक, जोतिरावांचे सहकारी. म्हणजे आपल्या उपासनेचा वार कष्टकऱ्यांना मोकळा करून दिला तो मंडळीबाहेरच्या माणसानं. मी जन्मभर भोंग्यावर उठलो, त्यामुळे मला हे विसरवत नाही.

बायबलात निर्गमच्या 20 व्या अध्यायात शब्बाथाचं कारण सृष्टीची उत्पत्ती आहे. अनुवाद या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायात कारण बदलतं: तू मिसरात (इजिप्तमध्ये) दास होतास, याची आठवण ठेव. म्हणून दासदासी, बैल, गाढव, सगळ्यांना विसावा. दासाला सुट्टी नसते. मंडळीत तू कुणाची दासी नाहीस.

काकूंचा प्रश्न गेथशेमाने बागेतला आहे, प्रभू येशूनं झोपलेल्या शिष्यांना विचारलेला. पण प्रभू तिथेच पुढे म्हणतो की आत्मा उत्सुक आहे, देह अशक्त आहे. तेही वाचायला हवं.

पाळकाच्या_घरातून

रविवारची ड्युटी पाप मानू नकोस. याजक शब्बाथ दिवशी मंदिरात राबत आणि तरी निर्दोष ठरत, हे प्रभूनं स्वतः सांगितलंय (मत्तय 12:5). अठरा वर्षं वाकून गेलेली बाई त्यानं शब्बाथीच सरळ केली.

आमच्याही घरी रविवार राबण्याचाच, म्हणून आम्ही सोमवार धरतो. त्या दिवशी यांचा फोन मी कपाटात ठेवते, तातडीचं असेल तर लोक मंडळीतल्या एका ज्येष्ठांना कळवतात. सुरुवातीला फार कुरकुर झाली. तू बुधवार धर. मात्र तो मंगळवारीच तयार करावा लागतो. देवानं रानात इस्राएल लोकांना दिलेलं अन्न, मान्ना, तोसुद्धा सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा होता. भाजी दोन वेळची चिरून ठेव, इस्त्री मिस्टरांना सांग.

आणि एलीया संदेष्टा आठव. मरण मागून झुडपाखाली झोपलेल्या माणसाला देवदूतानं आधी उठवून भाकरी खायला घातली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. प्रवासाचं बोलणं त्यानंतर.

रात्रपाळीवाली_ताई, इंदूर

अनुवाद 5 मिस्टरांना मोठ्यानं वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग स्वतःच इस्त्री काढली. काल बुधवार. दहापर्यंत झोपले. थेंब मुलानं घातले.

संडे स्कूल सोडणार नाही, मुलं मला हवी आहेत. भेटींचं मात्र मंडळाच्या सचिवबाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण रात्री त्यांचाच फोन आला: तरुण संघातल्या दोन मुलींना बीपी बघायला शिकवशील का? पुढच्या रविवारी उपासनेनंतर अर्धा तास ठरलाय. मशीन त्यांच्याकडेच ठेवून येईन.