ई-इनव्हॉइसला (सरकारी जीएसटी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाला) नुसतं 'अनपेक्षित त्रुटी' येतंय, गाडी उभी आहे. मदत हवी आहे

रनपार_बंदर
रत्नागिरीजवळ आमचा आंब्याच्या पल्पचा कारखाना आहे. कालपासून ईआरपीत (कारखान्याच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) काही बिलांना 'अनपेक्षित त्रुटी. कृपया प्रशासकाशी संपर्क साधा' एवढंच येतंय. इथली प्रशासक मीच आहे. व्हेंडरकडे तिकीट टाकलं तर 'आमच्याकडे असं होत नाही' म्हणून त्यांनी ते बंद केलं. माल भरलेली गाडी न्हावा शेव्याला जायचीय, तिचं ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) अडलंय, ड्रायव्हर सकाळपासून गेटवर बसलाय. काय करू? लवकर सांगा.

लॉगबघ्या
कुठलं ईआरपी, कुठलं व्हर्जन? 'काही बिलं' म्हणजे निर्यातीची की देशातली? एरर सेव्हला येते की ई-इनव्हॉइस पाठवताना? किती वाजता आली? यातलं काहीच लिहिलं नाहीत तर आम्ही अंदाजच करत बसणार.

खाडीकाठ
आधी आयआयएस (सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवणारा प्रोग्रॅम) रिस्टार्ट करा. आमच्या पतसंस्थेत काही अडलं की पहिलं तेच करतो.

लॉगबघ्या
@खाडीकाठ, नको हो. काही सिस्टीममध्ये पाठवायची राहिलेली बिलं मेमरीत रांगेत असतात. रिस्टार्ट केलं की रांग गेली, आणि काय गेलं तेही कळत नाही.

रनपार_बंदर
दोन्ही प्रकारची बिलं. 'ई-इनव्हॉइस पाठवा' दाबल्यावर येते. सॉफ्टवेअर पुण्याच्या व्हेंडरने बनवून दिलेलं, .नेटमधलं, सर्व्हर इथेच ऑफिसात. निर्यातीच्या बिलाला ११:४० ला आली. लॉग (सॉफ्टवेअरच्या नोंदींची फाईल) बघितला, ११:४० ला एक ओळ नाही. मग बघू तरी काय?

सीए_चिपळूण
ताई, बिलाच्या नंबरापुढे 'ए' लावा, नवीन बिल म्हणून पाठवा आणि गाडी सोडा. सीझनमध्ये एवढा विचार करत बसायला वेळ नसतो.

वेंगुर्लेकर
सीए साहेब, हा सल्ला देऊ नका. आयआरएन, म्हणजे ई-इनव्हॉइसचा पोर्टलवरचा क्रमांक, तयार होतो विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर यांवरून. नंबर बदलला की पोर्टलसाठी ती वेगळी विक्री. आधीचं बिल तिथे पोचलेलं असेल तर एकाच मालाची दोन बिलं जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या विवरणपत्रात) येऊन बसतील, आणि ती निस्तरायला तुम्ही येणार का?

सीए_चिपळूण
पहिलं पोर्टलवर रद्द करता येतं.

वेंगुर्लेकर
२४ तासांच्या आत. आणि रद्द केलेला नंबर पुन्हा वापरता येत नाही. शिवाय पहिलं पोचलंय की नाही हेच अजून माहीत नाही, मग रद्द काय करणार?

हापूसवेडा
पण आंब्याला ई-वे बिल लागतं कुठे? ताज्या फळाला जीएसटी नाही. आम्ही देवगडहून पेट्या पाठवतो, कधी काढलं नाही.

वेंगुर्लेकर
त्या पल्प पाठवतायत, पेट्या नाही. पल्पवर कर आहे, आणि मालाची किंमत ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली की ई-वे बिल लागतं.

लॉगबघ्या
@रनपार_बंदर, लॉगमधल्या वेळेच्या शेवटी इंग्रजी 'झेड' अक्षर आहे का? असेल तर ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ११:४० नको, ०६:१० ला बघा.

रनपार_बंदर
आहे 'झेड'! ०६:१० ला 'टास्क कॅन्सल्ड एक्सेप्शन'. त्याच्या खाली ०६:१४ ला 'एरर कोड २१५०, ड्युप्लिकेट आयआरएन'. स्क्रीनवर दोन्ही वेळा तेच वाक्य होतं. म्हणजे काय?

लॉगबघ्या
म्हणजे तुमचं बिल पहिल्याच वेळी पोर्टलवर पोचलंय. आयआरएन तयार झाला, पण उत्तर परत यायच्या आत कनेक्शन तुटलं असणार. .नेटचा एचटीटीपी क्लायंट, वेगळं सांगितलं नसेल तर, १०० सेकंद थांबतो आणि सोडून देतो. तुम्ही पुन्हा बटण दाबलंत, तेव्हा पोर्टलने बरोबर सांगितलं की हे बिल आधीच आलंय. प्रोग्रॅमरने मात्र दोन्ही गोष्टी एकाच कॅचमध्ये (एरर पकडणाऱ्या कोडमध्ये) पकडून एकच वाक्य चिकटवलंय. पहिलीत थांबून पोर्टलला विचारायचं होतं, दुसरीत काम झालेलंच होतं. ऑपरेटरला दोन्ही सारखंच दिसलं, याचा मला खरंच राग येतो.
२१५०च्या उत्तरातच जुना आयआरएन, पावती क्रमांक आणि तारीख येते. लॉगमध्ये 'ड्युपआयआरएन' शोधा. तो आयआरएन देऊन सही केलेलं बिल आणि क्यूआर कोड पुन्हा मागवता येतो.

केळशी
महामार्गाच्या कामात आमच्या भागातली फायबर सारखी तुटते. दुसऱ्या कंपनीची लाईन घ्या, सगळे प्रश्न सुटतील.

खाडीकाठ
किंवा सॉफ्टवेअरलाच तीनदा आपोआप पाठवायला लावा.

लॉगबघ्या
लाईन कितीही चांगली घेतली तरी कधीतरी तुटणारच. आणि २१५० तीनदा पाठवलं तर तीनदा २१५०च येईल. सर्व्हर ५०३ ('सेवा आत्ता उपलब्ध नाही') देत असेल तर थोडं थांबून पुन्हा पाठवणं ठीक. टाइमआउट झाल्यावर (वाट बघून सोडून दिल्यावर) मात्र आधी बिल नंबरावरून पोर्टलला विचारायचं, पोचलं का? नसेल तरच पाठवायचं.

खाडीकाठ
पण कोड दाखवले की ऑपरेटर घाबरतात. आमच्याकडे म्हणूनच बंद केलेत.

वेंगुर्लेकर
आमच्याकडे वेंगुर्ल्याक काजूच्या फॅक्टरीत ह्याच दुखणा होता. अख्खी एरर स्क्रीनवर टाकू नये हे मान्य, त्यात सर्व्हरचे पत्ते नि कधी पासवर्डसुद्धा असतात. आम्ही व्हेंडरकडून एवढंच करून घेतलं: स्क्रीनवर साध्या मराठीत काय झालं, आता काय करायचं, आणि एक संदर्भ क्रमांक. तोच क्रमांक लॉगच्या ओळीत. ऑपरेटर फोनवर क्रमांक सांगते, आम्ही ओळ काढतो.

रनपार_बंदर
आयआरएन मिळाला! क्यूआर छापला, ई-वे बिल निघालं, गाडी आत्ता हातखंब्याकडे गेली. मनापासून आभार. आता तिकीट पुन्हा उघडतेय. त्यांनी परत 'आमच्याकडे होत नाही' म्हणू नये म्हणून काय लिहू? आणि कालच्या एका बिलाला लॉगमध्ये नुसतं टास्क कॅन्सल्ड आहे, २१५० नाही. ते पुन्हा पाठवू?

हापूसवेडा
कॅनिंगला यंदा काय भाव देताय? आमच्याकडे डागी माल आहे.

लॉगबघ्या
कालचं लगेच पाठवू नका. ते कुणी दुसऱ्यांदा पाठवलं नाही म्हणून २१५० नाही, पोचलेलं असू शकतं. आधी नंबरावरून शोधा. गिऱ्हाइकाने तो सौदा मोडला असेल तर आजच बघा, २४ तास उलटले की पोर्टलवर रद्द होणार नाही.
तिकिटात बिल नंबर, युजर, भारतीय वेळ आणि यूटीसी वेळ दोन्ही, कुठलं बटण दाबलं, आणि लॉगच्या त्या दोन ओळी जशाच्या तशा. फोटो नको, मजकूर चिकटवा, म्हणजे त्यांना शोधता येतो. आणि त्यांच्या सर्व्हरवर करून बघायला सांगताना पोर्टलकडे विनंती गेल्यावर लगेच नेट तोडायला सांगा. ऑफिसच्या चांगल्या लाईनवर त्यांना हे कधीच दिसणार नाही.